घासाचा वानवळा

नांग्या भरण्यात कांचन खेमनरचा हात धरणारं चिंचखांड गावात कुणी नव्हतं. पेरलेल्या पिकात एखादं रोप उगवतच नाही, एखादं मरून जातं, आणि ओळीत मोकळी जागा राहते. तिला आमच्याकडं नांगी म्हणतात. विंचवाची नांगी वेगळी. मका असो की कपाशी, कांचननं नांगीत बी टोकलं की आठव्या दिवशी कोंब वर आलाच म्हणून समजा. शेजारच्या बाया तिला मुद्दाम बोलावून न्यायच्या. "तुझ्या बोटाला काय लावलंय गं?" असं विचारायच्या, आणि ती म्हणायची, "शेण."

फक्त घासापुढं तिनं हात टेकले होते.

घास म्हणजे लसूणघास. पण प्रवरेच्या कालव्यावर लसूण कोण म्हणतो, नुसता घास. एकदा पेरला की तीन-चार वर्षं बघायला नको. कापला की पंचवीस-तीस दिवसांत पुन्हा कापायला तयार. कांचनच्या आठ गाई त्याच्यावर होत्या. साल होतं २०४४. विहिरीवरची मोटर आभाळ बघून आपली आपण चालू व्हायची, गाईंच्या गळ्यातले पट्टे त्यांचा ताप मोजून फोनवर कळवायचे, पाटाचं पाणी मात्र अजूनही पाटकऱ्याच्या मर्जीनं यायचं. आणि घासाच्या नांग्याही अजून भरत नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी घास विरळ व्हायला लागला की कांचन मोकळ्या जागेत बी टोकायची. कोंब यायचा, दोन पानं दाखवायचा आणि तिथंच खुरटून बसायचा. खत घाला, पाणी घाला, देवाला नारळ फोडा, काही उपयोग नाही. सगळा मोडून तिथंच नवा पेरला तरी तीच गत. एखाददोन वर्षं मका, गहू असं काहीतरी दुसरं घेतल्याशिवाय त्या जमिनीत घास धरत नाही. पण कांचनकडं विहिरीजवळची तीस गुंठेच काय ती काळी जमीन. बाकी सगळा मुरूम. घास हलवणार कुठं, आणि तोवर गाईंना घालणार काय?

"बी खराब असंल," तिचा नवरा गोरक्ष दर वर्षी म्हणायचा.

"तेच बी नव्या रानात कसं उगवतं?" कांचन दर वर्षी विचारायची. त्यावर गोरक्ष बैलाच्या जागी आलेल्या यंत्राला तेल घालायला निघून जायचा.

हे कोडं डॉक्टर निखत पठाणनं सोडवून दाखवलं. नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात ती मातीतल्या जिवाणूंवर काम करायची. तिशीची असेल, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरणारी, आणि समजावून सांगायची हौस असलेली. तिनं कांचनच्या रानातला एक खुरटलेला कोंब उपटून तळहातावर ठेवला.

"काकू, हे मूळ बघा. टोक सुजलंय, तपकिरी पडलंय. त्याच्यावर केसासारखी बारीक मुळं फुटायला हवीत, ती फुटलीच नाहीत. मग हे पाणी पिणार कसं?"

"कशानं झालं असं?"

"मोठ्या घासानंच केलं. त्याच्या पाल्यातून, मुळांतून काही द्रव्यं मातीत उतरतात. मोठ्या झाडांना ती बाधत नाहीत, पण स्वतःच्याच बियाण्याचा कोंब मारतात. पाणी थोडं असेल तिथं खाणारी तोंडं वाढू नयेत, अशी घासानं स्वतःच केलेली सोय म्हणा. पहिल्या दोनेक महिन्यांत झाडं लहान असतात, तेव्हा नांग्या भरतात. पुढं मातीत ते विष साठत जातं."

कांचन कंबरेवर हात ठेवून आपल्या रानाकडं बघत राहिली. वीस वर्षं ती बियाण्याला शिव्या घालत होती.

निखतच्या प्रयोगशाळेत एक जिवाणू सापडला होता, हेच विष खाऊन जगणारा. तिनं त्याला आणखी खादाड केला होता. नाव ठेवलं होतं 'मोकळीक'. पाण्यातून सोडायचा, पंधरा दिवस थांबायचं, मग बी टोकायचं. घासाच्या मुळाशिवाय तो कुठं जगत नाही, म्हणून बाकी पिकांना धोका नव्हता. तरी ही चाचणीच होती आणि तिची एकच अट होती: दोन वर्षं या रानातलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. दर सोमवारी सकाळी फोनवर एक यांत्रिक बाई चार प्रश्न विचारील, त्यांची खरी उत्तरं द्यायची.

"एवढंच ना," म्हणत कांचननं सही केली.

कार्तिकात मोकळीक सोडली. पंधरा दिवसांनी तिनं नांग्यांत बी टोकलं, आणि नवव्या दिवशी तिनं अशी काही हाक मारली की गोरक्ष गोठ्यातली बादली लवंडून पळत आला. जुन्या बुडख्यांच्या कुशीत, जिथं वीस वर्षांत काही टिकलं नव्हतं, तिथं कोंबांनी हिरवा फेर धरला होता. माघ उजाडला तसं रान गच्च भरलं. कांचन बांधावर बसून नुसती बघायची. गाईंना कापून आणायला आली आहे हेही विसरायची.

आता पहिला कापा झाल्यावर विहीणबाईंना वानवळा न्यायचा नाही, असं कसं होईल?

विहीणबाई म्हणजे मथुराबाई कुदनर, आंबेदऱ्याच्या. कांचनची एकुलती एक लेक ईश्वरी त्यांच्या घरात दिली होती. मथुराबाई उंच, मोजकं बोलणाऱ्या आणि मानापानाला पक्क्या. त्यांच्या घरी चौदा गाई, आणि घास तर असा की माणसं बघायला यायची: नऊ वर्षांचा, सासऱ्यांनी राखलेल्या गावरान बियाण्याचा. त्यांच्या दारातून कांचन कधी रिकामी परतली नव्हती. कधी भुईमूग, कधी हुलगे, कधी नुसती कोथिंबिरीची जुडी, पण नव्या पिकातलं पहिलं काहीतरी हातात पडणारच. मग आपल्याकडं इतकं नवलाचं पीक आल्यावर आपण गप्प बसायचं? लेकीच्या सासरी काय म्हणतील?

तिनं घासाचा एक भारा बांधला. नांगीतली पन्नासेक रोपं मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट उपटून ओल्या गोणपाटात वर ठेवली, दाखवायला. मथुराबाईंनी मुळं निरखून बघितली आणि एकदाच म्हणाल्या, "कमाल केली, विहीणबाई." कांचनला तेवढ्यानं स्वर्ग दोन बोटं उरला. रोपं मथुराबाईंनी स्वतःच्या नांग्यांत लावली.

सोमवारी फोन वाजला.

"कांचनताई, या आठवड्यात शेतातलं काही विकलं का?"

"नाही."

"शेतातली माती, पाणी, अवजार बाहेर गेलं का?"

"नाही." माती जाते ती ट्रॉलीनं.

"कुणाला काही दिलं का?"

"नाही," कांचन म्हणाली.

आणि ती खोटं बोलत नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. देणं म्हणजे उसनं देणं, नाहीतर दान देणं. वानवळा काही देतात का? तो पोचवतात. आणि विहिणीचं घर म्हणजे बाहेर कसं? फोनमधल्या बाईनं समाधानानं चौथा प्रश्न विचारला आणि पुढच्या सोमवारपर्यंत गप्प झाली.

घासाला उतरती कळा लागली ती आषाढात. आधी जुने बुडखे पिवळे पडले, मग नवी रोपं. उपटायला जावं तर झाड हातात यायचं आणि मूळ चिखलासारखं गळून पडायचं. निखत आली, तिनं मुळं फोडून बघितली.

"मूळकूज आहे," ती म्हणाली. "ही बुरशी आपल्या मातीत पहिल्यापासून असतेच. आजवर ती घासाला एवढी लागत नव्हती, कारण ते विष तिलाही मारत होतं. कोंबाला मारणारं आणि बुरशीला थोपवणारं द्रव्य एकच होतं, काकू. आम्ही त्याला विष समजून खाऊन टाकायला जिवाणू सोडला. ते औषधही होतं. आम्ही अर्धंच वाचलं."

"आता?"

"हे रान नांगरायचं, वाळवायचं, चुना घालायचा. दोन वर्षं इथं घास नाही. नशीब, इथल्या इथंच राहिलं."

आंबेदऱ्याला गेलेलं ओलं गोणपाट कांचनला तेव्हाच आठवलं. पण ईश्वरीला फोन केला तर ती म्हणाली, "आमचा घास जरा पिवळा वाटतोय, पण सासूबाई म्हणतात पाणी जास्त झालं." मथुराबाईंना घासातलं कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती होती? कांचननं त्या वाक्याला धरून श्रावण काढला, भाद्रपद काढला. सोमवारचा फोन आता येत नव्हता, ते एक बरं होतं.

आश्विनात निखत पुन्हा आली, ती डोळ्यांखाली काळं घेऊनच. ओसरीवर बसून तिनं मांडीवरची पाटी उजळली. पाटीवर तालुक्याचा नकाशा होता आणि त्यावर चार तांबडे ठिपके.

"चार गावांत मूळकूज आलीय आणि चारही ठिकाणी मातीत मोकळीक सापडलीय. कशी गेली तेच कळत नाही. कालव्यानं गेली म्हणावं तर दोन गावं कालव्याच्या वर आहेत. दुधाच्या गाडीनं म्हणावं तर ही गाडी या गावांना जातच नाही. पाखरं म्हणावी तर मधली वीस गावं कोरडी कशी?" तिनं कपाळ चोळलं. "वाट सापडली नाही तर सरसकट आदेश निघणार. चाळीस किलोमीटरच्या आतला सगळा घास उद्या संध्याकाळनंतर नांगरून काढायचा. कागद तयार आहे, सहीच बाकी आहे."

"सगळा? म्हणजे तालुक्याच्या गाईंनी खायचं काय?"

"मला विचारू नका, काकू. मी रात्रंदिवस तेच मोजतेय."

कांचननं चष्मा लावला आणि नकाशा जवळ घेतला. गावांची नावं वाचली. खडकझिरा. सोनकडा. बोरखिंड. पिंपळदरा. पुन्हा वाचली. ही यादी तिला पाठ होती. ईश्वरीच्या लग्नात मानाच्या साड्या कुणाकुणाला नेसवायच्या, याची यादी तिनं स्वतःच्या हातानं केली होती. खडकझिरा म्हणजे मथुराबाईंचं माहेर. सोनकड्याला त्यांची थोरली लेक दिलेली. बोरखिंडीला बहीण. पिंपळदरा म्हणजे थोरल्या लेकीची नणंद.

रोग पाण्यानं गेला नव्हता, वाऱ्यानं गेला नव्हता. सोयरिकीनं गेला होता.

चार ठिपक्यांच्या मधोमध आंबेदरा होतं. तिथं ठिपका नव्हता. तिथून कुणी तक्रारच केली नव्हती.

"काय झालं?" निखतनं विचारलं.

कांचनच्या जिभेवर शब्द आला आणि तिनं तो गिळला. सांगितलं तर सगळा तालुका वाचत होता. पण सांगितलं की दुसऱ्या दिवशी आंबेदऱ्यात नांगर जाणार, नऊ वर्षांचं रान उलथणार, आणि ईश्वरीला जन्मभर ऐकावं लागणार की तुझ्या आईनं आमचं घर बुडवलं. स्वतःचं गेलं ते तिनं सोसलं होतं. लेकीच्या ताटात हे कसं वाढायचं?

"मॅडम, उद्या दुपारपर्यंत सहीचं थांबवा," ती म्हणाली. "मला वाट ठाऊक आहे असं वाटतंय. पण आधी एकीला विचारल्याशिवाय मी तिचं नाव घेणार नाही."

निखतनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पाटी मिटली.

सकाळच्या पहिल्या बसनं कांचन आंबेदऱ्याला उतरली. हातात काही नव्हतं आणि त्याचंच तिला अवघडल्यासारखं होत होतं. दारात ईश्वरी भेटली, "अगं, न कळवता?" म्हणाली. कांचन तशीच आत गेली. मथुराबाई शेंगा निवडत होत्या.

"विहीणबाई, मी तुमचं वाटोळं केलंय."

"बसा तर आधी. ईश्वरी, चहा ठेव."

"चहा नको. मी माघात जो वानवळा आणला होता ना..."

"ठाऊक आहे मला," मथुराबाई म्हणाल्या. शेंगा निवडणं थांबलं नाही.

"काय ठाऊक आहे?"

"त्यानंच गेलाय घास. जिथं जिथं तुमची रोपं लावली, तिथूनच पिवळा पडत आला. आषाढाच्या शेवटीच कळलं. डोळे आहेत मला."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही तर पाणी जास्त झालं म्हणालात!"

"मग काय म्हणू? व्याह्यांच्या वानवळ्याला नाव ठेवू?" आता मथुराबाईंनी वर बघितलं. "पोर तुमची माझ्या घरात नांदतेय. उद्या घरात चार शब्द वाकडे झाले की कुणीतरी तेच तिच्या तोंडावर फेकायचं. म्हणून गिळून बसले. जाईल तर जाईल माझा घास, म्हटलं."

"अहो, तुमचा एकट्यांचा नाही गेला! तुम्ही पुढं वानवळा पोचवलात ना? दादांना, थोरलीला, बहिणीला?"

मथुराबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "फाल्गुनात त्यातलीच रोपं पोचवली," त्या हळू म्हणाल्या. "एवढं चांगलं उगवलं होतं. तिथंही लागलं?"

"लागलं. थोरलीच्या नणंदेच्या रानातही पोचलंय."

"अगं बाई!" मथुराबाईंनी कपाळावर हात मारला. "ती परवा सांगत होती, गाई अर्ध्या पोटी बांधते म्हणून. मी म्हटलं, पाऊस जास्त झाला."

कांचननं मग सगळं सांगितलं. नकाशा, आदेश, आज दुपारची मुदत. सांगता सांगता तिला स्वतःचीच लाज वाटत होती. अडीच महिने दोन शहाण्या बायका एकमेकींचा मान राखत बसल्या होत्या आणि बुरशीला मोकळं रान मिळालं होतं.

चहाचं भांडं चुलीवर आपटल्याचा आवाज आला. ईश्वरी दारात येऊन उभी होती, लालबुंद.

"मला जपत होता? दोघी मिळून? चौदा गाईंच्या धारा मी काढते, घास मी कापते, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत! श्रावणात सांगितलं असतं तर मी मधोमध चर खणला असता. अर्धं रान वाचलं असतं, आत्याबाई. अर्धं!" ती मथुराबाईंना आत्याबाई म्हणायची. "आणि आई, तू! मला कुणी काही बोललं असतं तर मला तोंड नाही का?"

 

मथुराबाई उठल्या, हात धुतले आणि फोन घेतला. पहिला फोन खडकझिऱ्याला. "दादा, मी पोचवलेली घासाची रोपं. हो, तीच. त्यांच्यातच रोग आहे. ... नाही, व्याह्यांचं नाव घेऊ नकोस. माझ्या हातानं पोचवलाय मी. मला बोल काय बोलायचं ते." मग सोनकडा, मग बोरखिंड. प्रत्येकाला त्यांनी विचारलं, तू पुढं कुणाला पोचवलास? आणि प्रत्येकानं पुढं कुणालातरी पोचवला होताच. ईश्वरी कागदावर नावं लिहीत गेली. नकाशावर चारच ठिपके होते. कागदावर नऊ घरं झाली, कुदनरांचं धरून.

ती नावं कांचननं निखतला वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ नुसतं लिहिल्याचा आवाज येत राहिला.

"काकू," निखत शेवटी म्हणाली, "आम्ही प्रत्येक सोमवारी विचारत होतो की."

"विचारत होता, मॅडम. मीही खरं तेच सांगत होते. चूक माझीच, पण तुमचा प्रश्न आमच्या बोलीत नव्हता."

सरसकट आदेश निघाला नाही. नऊ रानं नांगरायची ठरली, बाकी तालुक्याचा घास राहिला. आंबेदऱ्यात नांगर त्याच दिवशी दुपारी आला. मथुराबाई पदर खोचून बांधावर उभ्या राहिल्या. मनगटाएवढी जाड मुळं उलथून वर येत होती. काही कुजलेली, काही अजून पांढरीशुभ्र. शेवटच्या तासापर्यंत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "सासऱ्यांचं बी डब्यात आहे अजून," एवढंच म्हणाल्या. "दोन वर्षांनी पेरू." निखतच्या माणसांनी बांधाच्या कडेनं चुना टाकला आणि सगळ्यांच्या चपला चुन्याच्या पाण्यात ठेवून घेतल्या. या रानातलं काही, मातीचा कणसुद्धा, दोन वर्षं बाहेर जाणार नाही, असं त्यांनी पुन्हा बजावलं. या वेळी दोघींनी एकेक शब्द कान देऊन ऐकला.

पाचच्या बसला कांचन निघाली. ईश्वरी अजून घुश्श्यातच होती, तरी तिनं आईच्या पायात घरात घालायच्या स्वतःच्या जुन्या चपला सरकवल्या. मथुराबाई दारापर्यंत आल्या आणि सवयीनं त्यांचा हात कोनाड्यातल्या पिशवीकडं गेला. सकाळी निवडलेल्या शेंगा होत्या तिथं. हात मधेच थांबला. शेंगा घासाच्या बांधाला लागून आलेल्या होत्या. त्यांनी परसाकडं बघितलं. लिंबं होती, कोथिंबीर होती, शेवगा लगडला होता. सगळं त्याच मातीतलं.

"दुकानातून काही आणते," त्या पुटपुटल्या. मग स्वतःच मान हलवली. "विहिणीला दुकानातलं कसं द्यायचं?"

आणि नऊ वर्षांचं रान उलथताना न रडलेली ती उंच बाई दाराची चौकट धरून ढसाढसा रडायला लागली. "माझ्या दारातून तुम्ही रिकाम्या हातानं निघालात हो," ती म्हणत होती. कांचननं तिला दोन्ही हातांनी धरलं. तिलाही रडू आवरेना. मागं ईश्वरी डोळे पुसत होती आणि ते कुणाला दिसू नये म्हणून गाईंवर ओरडत होती.

रस्त्यावर बसचा आवाज आला. मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि कांचनला पाठीला हात लावून पुढं ढकललं.

"जा आता. आणि मागं वळून बघू नका, विहीणबाई. वळलात तर माझा हात त्या पिशवीकडं गेल्याशिवाय राहायचा नाही."

कांचन वळली नाही.